निरंक

सरकारी नोकरीत माणूस वीस-पंचवीस शब्दांच्या भांडवलावर निवृत्तीपर्यंत पोचतो. ‘सविनय सादर’, ‘उचित कार्यवाहीस्तव’, ‘चर्चा करावी’, ‘पाहिले’ एवढ्यावर माझीही एकतीस वर्षं निघाली. पण या सगळ्यांत जीव जडला तो ‘निरंक’ या शब्दावर. दर महिन्याला वरच्या कार्यालयाकडे ढीगभर विवरणपत्रं जायची. या महिन्यात अपहार किती झाले, चोऱ्या किती, आगी किती लागल्या, अर्ज किती तुंबले. काहीच झालं नसलं तरी गप्प बसायची सोय नव्हती. काही झालं नाही, हे लेखी कळवावं लागे. तो निरंक अहवाल. शून्याला सही, शिक्का आणि जावक क्रमांक देणारे आपणच जगात एकटे, असा माझा समज होता. २०२४ च्या मार्चमध्ये तो गेला.

त्या महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं ६३ पानांचा निरंक अहवाल काढला. विषय, परग्रहावरून आलेली याने. १९४५ पासून आजवर सरकारच्या कुठल्या खात्यानं, कुठल्या कंपनीनं असं एखादं यान पकडून लपवलं आहे का, त्याचे नटबोल्ट काढून तसंच दुसरं बनवायचा प्रयत्न केला आहे का, याचा तपास करून त्यांनी कळवलं की पुरावा सापडला नाही. यासाठी २०२२ साली एक स्वतंत्र कार्यालयच उघडलेलं. एक भौतिकशास्त्रज्ञ त्याचे पहिले साहेब. कार्यालयाचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की लेटरहेडवर पत्राला जागा उरत नसावी.

“बाबा, सरकार काही नाही म्हणतंय ना? म्हणजे नक्की काहीतरी आहे,” जावई फोनवर म्हणाले. जावई इंजिनियर आहेत. टेक्सासात असतात. भल्या माणसाचा सरकारवर इतका अविश्वास कसा, असं विचारणार होतो, पण आमच्या कार्यालयातलं कपाट आठवलं आणि गप्प बसलो.

ते कपाट बडे बाबूंच्या खुर्चीमागं होतं. लोखंडी, हिरवं, दारावर पांढऱ्या रंगात ‘गोपनीय’. किल्ली आधीच्या बडे बाबूंबरोबर छिंदवाड्याला गेली होती आणि ते तिथून पुढं जिथं गेले तिथं पत्रव्यवहार होत नाही. मी रुजू झालो तेव्हा कपाट बंद होऊन चार वर्षं झाली होती. आत काय आहे, याबद्दल मतं होती. आस्थापनेचे बाबू म्हणायचे, आणीबाणीतल्या याद्या आहेत. लेखाशाखेला खात्री होती की धरणात बुडणाऱ्या गावांचा खरा नकाशा आत आहे, पाटबंधाऱ्यात आहे तो खोटा. आमचा शिपाई रात्रपाळीला आतून आवाज ऐकायचा. दरवर्षी साठा पडताळणीत नोंद व्हायची – कपाट, नग एक, स्थिती बंद, आतील वस्तू गोपनीय. फोडायला कोणी सांगत नव्हतं. फोडलं तर जे निघेल त्याची जबाबदारी फोडणाऱ्यावर. शिवाय खरं सांगतो, कपाटामुळे आमच्या कार्यालयाला तालुक्यात वजन होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा नाइलाज झाला. दोन पंच बोलावून कुलूप तोडलं. वाळलेली स्टँप पॅडं निघाली. डिंकाच्या बाटल्या निघाल्या. एक बशी निघाली, कपाशिवाय. आणि एक जाड रजिस्टर, ज्याच्या पानापानावर सुवाच्य अक्षरात तारीख आणि पुढं ‘निरंक’. पंचांनी सह्या केल्या. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी होती की खरा माल आदल्या रात्रीच हलवला.

ती बशी मला अमेरिकेत पुन्हा भेटली.

बशीची गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाचा हौशी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर शिखराजवळून विमान नेत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू अफाट वेगानं जाताना दिसल्या. त्या कशा चालल्या होत्या हे सांगताना तो म्हणाला की पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल, तशा. हे चालीचं वर्णन होतं. आकार त्यानं वेगळा सांगितला होता. वार्ताहरांनी चाल सोडली आणि बशी धरली. त्यानंतर लोकांना आकाशात बश्याच दिसू लागल्या. पेपरात चंद्रकोर छापून आली असती तर चंद्रकोरी दिसल्या असत्या. आपल्या मराठीतल्या कोण्या शहाण्या उपसंपादकाला ‘उडती बशी’ म्हणणं बरं वाटलं नसावं. त्यानं ‘उडती तबकडी’ केली आणि आपली अब्रू वाचवली. बशीतून कोणी परग्रहवासी उतरतोय म्हटलं की त्याच्या मागोमाग खारी यावी, असं वाटतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी रॉझवेल. आपल्याकडं तेव्हा देशाची वाटणी चालू होती, आकाशाकडं बघायला कोणाला सवड नव्हती. न्यू मेक्सिको राज्यात, माळरानावर, मॅक ब्रॅझेल नावाचा एक मेंढपाळ-कारभारी होता. त्याला रानात पसरलेला कचरा सापडला. रबराचे तुकडे, चंदेरी कागद, काटक्या, चिकटपट्टी. त्यानं तो गोळा केला आणि सवडीनं रॉझवेलच्या शेरीफला जाऊन सांगितलं. शेरीफनं लष्करी विमानतळाला कळवलं. विमानतळही साधासुधा नव्हता. हिरोशिमा-नागासाकीवर अणुबाँब टाकणाऱ्या तुकडीचं ते ठाणं. ८ जुलैला त्या ठाण्यानं स्वतःच्या सही-शिक्क्यानिशी पत्रक काढलं की उडती तबकडी आमच्या ताब्यात आली आहे. दुपारच्या स्थानिक पेपरात मोठा मथळा. संध्याकाळपर्यंत टेक्सासातल्या फोर्ट वर्थहून जनरल साहेबांचा खुलासा आला की तबकडी-बिबकडी काही नाही, हवामानाचा फुगा आहे. ठाण्यावरच्या एका मेजर साहेबांना फुग्याच्या चिंध्यांशेजारी बसवून फोटो काढले.

ज्यांनी सरकारी पत्रकं लिहिली आहेत त्यांना यातली वेदना कळेल. सकाळचं पत्रक जावक, सायंकाळी त्याचं शुद्धिपत्रक जावक. मधल्या पाच-सहा तासांत जगभर जे झालं ते झालं. ब्रॅझेलला तर इतकं पिडलं की तो दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना म्हणाला, यापुढं बाँब सोडून काहीही सापडलं तरी मी कोणाला सांगायला जाणार नाही. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. आयुष्यात एकदा पंचनाम्याला पंच म्हणून उभा राहिलेला कोणीही शेतकरी हेच म्हणतो.

यातली गंमत कळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. जनरल खोटं बोलले होते. फुगा होता हे खरं, हवामानाचा होता हे खोटं. ‘मोगल’ नावाची एक अतिगुप्त योजना तेव्हा चालू होती. औरंगजेबाशी संबंध नाही. वातावरणात एका ठरावीक उंचीवर असा थर आहे की त्यात आवाज खूप दूरवर जातो. रशियानं अणुबाँबची चाचणी केली तर तो धमाका त्या थरातून ऐकू यावा, म्हणून एकाखाली एक असे फुगे बांधून, माळ करून, त्याला मायक्रोफोन लटकवून वर सोडायचे. माळेची लांबी सहाशे फुटांच्या वर. सोबत रडारवर दिसावेत म्हणून चंदेरी कागदाचे पतंगासारखे परावर्तक. ते परावर्तक चिकटवायला जी पट्टी वापरली होती ती एका खेळणी बनवणाऱ्याकडची होती आणि तिच्यावर जांभळट-गुलाबी फुलं छापलेली होती. पुढं हीच फुलं परग्रहावरच्या लिपीतला मजकूर झाली.

अख्ख्या प्रकरणात मला ही चिकटपट्टी सगळ्यांत प्रिय आहे. महासत्तेचं सर्वोच्च गुपित, आणि ते एकत्र धरून ठेवलंय बाळाच्या खोलीत शोभेल अशा फुलाफुलांच्या पट्टीनं. कोटेशन मागवली असणार. सगळ्यांत कमी दराची मंजूर झाली असणार. आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो रशियन बाँब १९४९ च्या ऑगस्टमध्ये फुटला, तेव्हा पत्ता लागला तो विमानांनी गोळा केलेल्या हवेतल्या किरणोत्सारी कणांवरून. फुग्यांना ऐकू आलं नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडे गेलो होतो. ती लबकला असते. लबकभोवती मैलोन् मैल कापूस. इतका कापूस की आमच्या हिला पहिल्या दिवशी यवतमाळला आल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी शेतात एकही बाई दिसत नाही म्हणून उदास झाली. या लबक गावाचीही एक तबकडी आहे. १९५१ च्या ऑगस्टात तिथल्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी अंगणात बसल्या बसल्या आकाशातून दिव्यांची रांग जाताना पाहिली, एकदा नाही, पुष्कळदा. हवाई दलानं चौकशी केली. टिटवीच्या जातीचे पक्षी असतील, नव्या रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यांच्या पांढऱ्या पोटांवर पडत असेल, असं आधी निघालं. मग चौकशी अधिकारी रपेल्ट यांनी १९५६ साली पुस्तक लिहून सांगितलं की कारण नक्की सापडलं आहे, अगदी साधं नैसर्गिक कारण आहे, पण ज्या शास्त्रज्ञानं ते शोधलं त्यानं नाव न सांगण्याची अट घातली असल्यामुळे ते कारण मला सांगता येत नाही. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून या साहेबांना मनातल्या मनात नमस्कार केला. तबकडी गुप्त ठेवणारे पुष्कळ असतात. तबकडी नाही, हे गुप्त ठेवायला खरा प्रशासक लागतो.

लबकहून रॉझवेल तीनेक तास. रस्ता सरळ, इतका सरळ की जावयांनी स्टिअरिंगवर नुसती बोटं ठेवली होती. दोन्हीकडे तेलाचे पंप मान खालीवर करत होते, काहीही न विचारता प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या माणसांसारखे. रॉझवेलमध्ये शिरलो आणि रस्त्यावरच्या दिव्यांना डोळे दिसले. तिरपे, काळे, परग्रहवासीयांचे. मॅकडोनल्डचं दुकानही तबकडीच्या आकाराचं. नातू वेडा झाला. मुख्य रस्त्यावर एका जुन्या सिनेमा थिएटरात तबकड्यांचं संग्रहालय आहे. ते स्थापन करणाऱ्यांत वॉल्टर हॉट हे गृहस्थ होते. १९४७ चं ते सकाळचं पत्रक ज्यांच्या सहीनं निघालं, तेच. मी ते वाचून भिंतीपाशी थबकलो. एका पत्रकाचं असं भाग्य! माझ्या एकतीस वर्षांत हजारो पत्रं माझ्या सहीनं गेली, एकाचंही संग्रहालय झालं नाही. एकाचं पोहोच उत्तरही आलं नाही.

संग्रहालयात रबराची प्रेतं होती, धूर सोडणारी तबकडी होती आणि भिंतभर प्रतिज्ञापत्रं होती. बाकीची मंडळी तबकडीपाशी गेली, मी प्रतिज्ञापत्रांपाशी. जवळजवळ सगळी वृद्धापकाळी केलेली. १९४७ साली गप्प बसलेली माणसं १९७८ नंतर बोलायला लागली. १९८० मध्ये या विषयावरचं पहिलं पुस्तक निघालं, मग आणखी निघाली, आणि प्रत्येक पुस्तकागणिक माळावरचा कचरा वाढत गेला. चिंध्यांचं यान झालं, यानात प्रवासी बसले, प्रवासी मेले, त्यांची शवचिकित्सा झाली. हवाई दलानं १९९७ मध्ये यावर आणखी एक जाडजूड अहवाल काढला की लोकांनी पाहिलेली प्रेतं म्हणजे उंचावरून पॅराशूटनं टाकलेले चाचणीचे पुतळे होत. पत्रकारांनी विचारलं, पुतळे टाकले ते पन्नासच्या दशकात, घटना १९४७ ची, हे कसं? तर म्हणे, लोकांच्या आठवणी मागंपुढं झाल्या असतील. हा खुलासा वाचला की माझ्यासारख्या सरकारधार्जिण्या माणसालाही वाटतं, पकडलंच असेल यान.

पण मला हसू आणि घाम एकदम फुटला तो दुसऱ्या एका कागदावरून. न्यू मेक्सिकोच्या एका लोकप्रतिनिधीनं मागणी केल्यावरून अमेरिकेच्या महालेखापरीक्षकांसारख्या कार्यालयानं रॉझवेलचं दप्तर शोधलं. १९९५ साली त्यांनी कळवलं की त्या विमानतळाचं मार्च १९४५ ते डिसेंबर १९४९ चं प्रशासकीय दप्तर नष्ट झालं आहे. ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ चे जावक संदेशही नष्ट. आणि ते कोणाच्या अधिकारात नष्ट केले, याची नष्ट करण्याच्या फॉर्मवर नीट नोंद नाही.

जावयांनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. “बघा बाबा!”

मी काय बघणार? आमच्याकडं कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, असं करत ‘ड’ म्हणजे वर्षभर. वर्गीकरण करायचं काम कोणाकडं असतं? ज्याच्याकडं दुसरं काही काम द्यायची साहेबांची हिंमत होत नाही त्याच्याकडं. तो एका पावसाळी दुपारी अभिलेख कक्षात जातो, वाळवी पाहतो, छत गळताना पाहतो, ‘अ’ वर्गाच्या गठ्ठ्यावर झोपलेली मांजर पाहतो आणि जे हाताला लागेल ते ‘ड’ ठरवतो. आदेश क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचं हे न कळून तो रकाना कोरा सोडतो. ज्यांनी तो रकाना कधी कोरा सोडलेला नाही, त्यांना त्या कोऱ्या जागेत तबकडी दिसते. मला तिथं एक कारकून दिसला. पन्नाशीचा, दुपारचा डबा खाल्लेला.

“जावईबापू, एवढं मोठं गुपित लपवायचं तर यादी करावी लागते, यादीला चार प्रती लागतात, प्रती टंकायला माणूस लागतो. तो माणूस सव्वापाचला घरी जातो आणि बायकोला सांगतो,” मी म्हणालो.

“तुम्ही आईंना काय काय सांगितलंय?” जावयांनी विचारलं. ही कान देऊन ऐकत होती. मी विषय बदलला.

खरं तर रॉझवेलला एक अस्सल रहस्यमय माणूस राहून गेला. रॉबर्ट गोडार्ड. द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट त्यानं १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात उडवलं. त्याच्या आधी, १९२० मध्ये, निर्वात पोकळीत रॉकेट चालेल असं म्हणतो म्हणून न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात त्याची टर उडवली होती, शाळेतल्या मुलालाही कळतं ते याला कळत नाही अशा थाटात. तो मनाला लावून घेणारा गृहस्थ. लोकांपासून लांब, १९३० च्या सुमाराला तो रॉझवेलला आला आणि जवळजवळ दहा वर्षं माळावर एकामागून एक रॉकेटं सोडत राहिला. फारसं कोणाला काही सांगितलं नाही. मेला १९४५ मध्ये. टाइम्सनं चूक कबूल केली १९६९ च्या जुलैत, अपोलो चंद्राच्या वाटेवर असताना. म्हणजे आकाशातलं खरं यंत्र याच मातीत घडलं, हाडामांसाच्या माणसाच्या हातून, गुपचूप. त्याची कार्यशाळा गावातल्या दुसऱ्या, कलेच्या संग्रहालयात मांडून ठेवली होती. तिथं आम्ही चौघं आणि पहारेकरी. नातू म्हणाला, “आजोबा, इथं एलियन नाहीयेत का?” नाहीत म्हटल्यावर त्यानं भूक लागल्याचं जाहीर केलं.

लपवालपवी झालीच नाही, असं माझं मुळीच म्हणणं नाही. भरपूर झाली. १९५५ पासून नेवाडाच्या वाळवंटात, ज्याला एरिया ५१ म्हणतात तिथं, यू-२ नावाच्या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या चालू झाल्या. प्रवासी विमानं तेव्हा दहा-वीस हजार फुटांवरून जायची, हे साठ हजारांच्या वर. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असायचा आणि वर या विमानाच्या चंदेरी पंखांवर ऊन असायचं. खालचे वैमानिक तक्रारी करायचे की आमच्या डोक्यावर कायतरी आगीसारखं जातंय. तबकड्यांची चौकशी करणारं हवाई दलाचं कार्यालय गुपचूप सीआयएला विचारून घ्यायचं की हे तुमचंच का. हो म्हटलं की तक्रारदाराला पत्र जायचं, ते हवेतले बर्फाचे कण असावेत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकात आलेल्या तबकड्यांच्या अर्ध्याहून अधिक वार्ता म्हणजे आमचीच विमानं होती, असं सीआयएच्या इतिहासकारानं १९९७ मध्ये लिहून टाकलं. एरिया ५१ नावाची जागा आहे, हे सीआयएच्या कागदात उघडपणे यायला २०१३ उजाडलं, तेही माहितीच्या अधिकारात कोणी अर्ज केला म्हणून. तोवर त्या जागेच्या नावाचे टी-शर्ट अकोल्याच्या बाजारात मिळत होते.

त्यावर कडी म्हणजे २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलेली हकिकत. अतिगुप्त खात्यात नव्यानं आलेल्या काही अधिकाऱ्यांना वरिष्ठ खोलीत नेत, तबकडीचा फोटो दाखवत, आम्ही हिची नक्कल बनवतो आहोत म्हणत आणि कुठं बोललात तर याद राखा, असा दम भरत. ही थट्टा होती. हॉस्टेलवर नव्या पोरांची घेतात तशी. वर्षानुवर्षं चालली, आणि नंतर थट्टा होती हे सांगायचं राहून गेलं. ही माणसं ते ओझं छातीवर घेऊन निवृत्त झाली.

आता हे डोळ्यापुढं ठेवून २०२३ ची जुलैतली सुनावणी बघा. हवाई दलाच्या गुप्तचर शाखेतले एक माजी अधिकारी, डेव्हिड ग्रश, अमेरिकी संसदेच्या समितीपुढं शपथेवर सांगतात की सरकारजवळ याने आहेत आणि त्यांतून मिळालेले मानवेतर जैविक अवशेषही आहेत. आपण स्वतः पाहिले का? नाही, ज्यांनी पाहिले त्यांच्याशी बोललो. आम्ही लबकला सोफ्यावर बसून हे पाहत होतो. माणूस प्रामाणिक वाटत होता. खोटं बोलणारा इतका ताठ बसत नाही. आता माझ्या मनात येतं, तो कोणाशी बोलला, त्यानं कोणाकडून ऐकलं, आणि त्याला कुठल्या वर्षी खोलीत नेऊन फोटो दाखवला होता? निरंक अहवालात हेच निघालं की थोडीच माणसं आहेत, तीच एकमेकांना सांगतात आणि ऐकीव गोष्ट फिरून पहिल्याच्या कानावर आली की त्याला दुजोरा वाटतो. आमच्याकडे बदल्यांच्या याद्या अशाच फुटायच्या. मी स्वतः एकदा माझी भामरागडला बदली झाल्याची अफवा उठवली होती आणि आठवड्यानं ती इतक्या ठिकाणांहून परत आली की मी गरम कपडे काढून ठेवले. भामरागडला गरम कपडे लागत नाहीत हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

त्याच अहवालात ‘कोना ब्लू’ नावाच्या एका प्रस्तावाची हकिकत आहे. परग्रहावरची याने हाती लागली तर ती ठेवायला, तपासायला गुप्त योजना मंजूर करावी, असा प्रस्ताव गृहसुरक्षा खात्याकडे आला होता. मंजूर झाला नाही. याने कुठं आहेत याला उत्तर नव्हतंच. आधी कपाट मंजूर करा, मग आत ठेवायला काही मिळतं का पाहू. एक धातूचा तुकडाही पुष्कळ वर्षं रॉझवेलचा म्हणून फिरत होता. तो ओक रिज प्रयोगशाळेत दिला, २०२४ मध्ये निकाल आला. मॅग्नेशियमचा मिश्रधातू, पृथ्वीवरचाच. आणि २०२१ च्या सरकारी अहवालात लष्कराला दिसलेल्या १४४ अनोळखी वस्तूंपैकी नक्की उलगडा झाला तो फक्त एकीचा. काय होतं? हवा निघत चाललेला मोठा फुगा. इतक्या वर्षांनी पुन्हा फुगाच.

उरलेल्या १४३ मात्र उरल्याच. त्या मी खिशात ठेवतो.

हसायला आपल्यालाही फार जागा नाही. २०१२-१३ च्या सुमाराला लडाखमध्ये आपल्या जवानांना सीमेपलीकडून रोज दिवे येताना दिसत. चिनी ड्रोन असावेत म्हणून शेकडो नोंदी झाल्या. शेवटी बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेनं पाहून सांगितलं, हे गुरू आणि शुक्र आहेत. थंडी, उंची आणि समोर चीन म्हटल्यावर माणसाला शुक्रही घुसखोर वाटतो. जवानांना कशाला हसायचं. फक्त एक पंचांग पाठवायला हवं होतं.

आणि आमच्याकडं तर खरोखरच पडलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला मी नागपूरच्या घराच्या गच्चीवर गुढी उतरवलेली काठी ठेवायला गेलो होतो. आकाशातून जळत्या निखाऱ्यांची रांग चालली होती, सावकाश, एखाद्या मिरवणुकीसारखी. कडुनिंबाची डहाळी हातात तशीच राहिली. खालच्या गल्लीतून कोणीतरी ओरडलं, “काय पडून राह्यलं बाप्पा हे!” चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्यातलं एक भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. दोन-तीन मीटर व्यासाचं, चाळीसेक किलोचं. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा टप्पा कोसळताना त्याचे तुकडे झाले असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. इस्रोची माणसं पाहायला आली.

तोवर ते कडं कुठं होतं? सिंदेवाही पोलीस ठाण्यात. पंचनामा केलेलं, चोरीच्या मोटरसायकली असतात तिथं. गुप्त तळ नाही, काळे सूट घातलेली माणसं नाहीत, सगळा गाव त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून आलेला. पेपरात रीतसर बातमी. म्हणूनच की काय, त्याचं संग्रहालय झालं नाही आणि त्यावर कोणी पुस्तक लिहिलं नाही. उघडी मूठ. आज लाडबोरीचं नाव काढलं तर आमच्या कॉलनीतल्या चौघांतल्या तिघांना आठवत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादहून सुटणारे शास्त्रीय फुगेही असेच. त्यांची तर आधीच जाहीर सूचना निघते की सोलापूरपर्यंत कुठंही पॅराशूटला लटकलेला डबा पडेल, उघडू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. ब्रॅझेलला असं पत्र आधी मिळालं असतं तर रॉझवेलला आज दिव्यांना डोळे नसते. गावाचं नुकसानच झालं असतं म्हणा.

त्या पाडव्यापासून मला रात्री जेवणाआधी गच्चीवर जायची सवय लागली आहे. अर्धा तास खुर्ची टाकून बसतो. विमानं ओळखू येतात, उपग्रह ओळखू येतात, गुरू-शुक्र तर घरचेच झालेत. खाली उतरलो की ही विचारते, “काही दिसलं का?” आणि मी म्हणतो, “निरंक.” आमच्यात तो आता ‘पानं घे’ला पर्यायी शब्द झालाय.

मागच्या पौषातली गोष्ट. आकाश घासून ठेवल्यासारखं होतं. दक्षिणेकडून एक तांबूस ठिपका आला. विमानासारखा लुकलुकत नव्हता. उपग्रहासारखा सरळ चालला होता तो डोक्यावर येऊन थांबला. मी उठून उभा राहिलो. दोन मिनिटं असेल, घड्याळ पाहिलं नाही. मग तो जसा आला तसा नव्हे, बाजूला, एकदम, पाण्यावर काहीतरी भिरकावल्यासारखा टप्पे घेत गेला आणि दिसेनासा झाला. लग्नातलं ड्रोन असेल. असेलच.

मी जिना उतरलो. खाली गेल्यावर काय काय होईल ते पायरीपायरीगणिक दिसत होतं. हिचे गुडघे दुखतात, तरी ती वर येईल. शेजारचे कुळकर्णी येतील. लेकीला फोन, जावयांचं “बघा बाबा!”, नातवाला चित्र काढून हवं असेल, कॉलनीच्या ग्रुपवर मला प्रश्न विचारतील, किती वाजता, कुठल्या दिशेला, चष्मा होता का. भाजी निवेल.

“काही दिसलं का?” तिनं कढईतून तोंड वर न करता विचारलं.

“निरंक,” मी म्हणालो, आणि पाट मांडले.